सिक कॉलचा हिशोब: पायलट अडचणीत असला की एअरलाइन नक्की काय करते

जुलै महिना म्हणजे आम्हा सीए लोकांची लग्नसराई. माझं ऑफिस पुण्यात विमानतळाजवळ, विमाननगरला, त्यामुळे रिटर्न भरायला येणाऱ्यांत सात-आठ पायलट आहेत, आणि लोकांना वाटतं पायलट म्हणजे काय, पैशात लोळतात. पगार चांगला असतो यात वाद नाही, पण त्या पगाराची पे-स्लिप जवळून बघितली ना की वेगळंच काहीतरी दिसतं, ते सांगायला बसलेय.

यंदा एकजण आला, मूळचा साताऱ्याचा, आता खराडीत राहतो, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. एअरलाइनचं नाव सांगत नाही, त्याचंही नाही. टेबलावर बारा पे-स्लिपा ठेवल्या आणि एक पाकीट बाजूला ठेवलं. म्हटलं हे काय रे? तर म्हणाला, "ताई, हे फक्त तुम्हाला दाखवायला आणलंय, कुठे टाकू नका." आत कोथरूडच्या एका मानसोपचारतज्ज्ञाच्या पावत्या. सगळ्या कॅशच्या. कंपनीच्या पॉलिसीत ओपीडीचं कव्हर असताना पठ्ठ्या खिशातून पैसे भरत होता, आणि खराडीहून कोथरूडला संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून दीड-दीड तास जात होता, कारण आमच्या भागात प्रत्येक दुसऱ्या सोसायटीत कोणीतरी क्रूवालं राहतं. त्याचा प्रश्न एवढाच होता की, हे कुठे दिसणार नाही ना?

झालं असं होतं की त्याच्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. तीन आठवडे हॉस्पिटल, मग घरी बेडवर, आई एकटी. हा सातारा-पुणे करत राहिला, रजा संपली, परत फ्लाइंगला लागला, आणि मग रात्री झोपच येईना. पहाटे साडेतीनला पिकअप, आणि हा दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडलेला. बँकेत किंवा आयटीत असता तर साहेबाला सांगितलं असतं, आठवडाभर घरून काम केलं असतं, विषय संपला. पायलटचा विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो.

आधी पैशाचं बघू, कारण माझा धंदाच तो. पायलटच्या पगाराचे ढोबळमानाने दोन तुकडे असतात. एक फिक्स्ड, दुसरा फ्लाइंग अलाउन्स, म्हणजे जितके तास उडाल तितके पैसे. काही ठिकाणी ठरावीक तासांची गॅरंटी असते, म्हणजे कंपनीने कमी उडवलं तरी तेवढ्या तासांचे पैसे मिळतात, पण तुम्ही स्वतः रजेवर गेलात तर ती गॅरंटीही बहुतेक वेळा रजेच्या प्रमाणात कापली जाते. याच्या एका महिन्याच्या स्लिपवर ७८ तास होते आणि वडील हॉस्पिटलमध्ये होते त्या महिन्याच्या स्लिपवर १९. हातात आलेला आकडा निम्म्याच्या आसपास. आणि ईएमआय दोन, एक फ्लॅटचा आणि एक ट्रेनिंगच्या लोनचा, कारण बारामतीला शिका नाहीतर परदेशात, लायसन्स आणि वर टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवायची पात्रता, धरून खर्च बघता बघता कोटीच्या घरात जातो. त्यात हॉस्पिटलचं बिल. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ते हेच.

आता दुसरी बाजू, मेडिकल. एअरलाइनच्या पायलटला क्लास वन मेडिकल, म्हणजे उडायला फिट असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र, लागतं, ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि ते नसेल तर लायसन्स हातात असून उपयोग नाही. गाडी आहे पण पेट्रोल नाही असं समजा. त्या फॉर्मवर मागचे आजार, चालू औषधं, सगळं लिहायचं असतं. झोपेची गोळी सुरू आहे किंवा डिप्रेशनवर उपचार चालू आहेत असं लिहिलं की डॉक्टर 'टेम्पररी अनफिट' करू शकतात. टेम्पररी म्हणजे किती, तर काही आठवडे लागतील का काही महिने, हे त्या दिवशी कोणी सांगत नाही. तोपर्यंत फ्लाइंग शून्य, अलाउन्स शून्य. शिवाय नव्वद दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झाली नाहीत तर परत सिम्युलेटरवर जाऊन सुरुवात. कमांड अपग्रेडच्या, म्हणजे कॅप्टन होण्याच्या, रांगेत असाल तर ती रांग तुमच्यासाठी थांबत नाही.

म्हणजे बघा, 'मला बरं वाटत नाहीये' या एका वाक्याचा हिशोब मांडला तर पगार गेला, प्रमोशन लांबलं, मेडिकलवर कायमची नोंद झाली, आणि वर ऑफिसात कुजबुज. न सांगण्याचा हिशोब काय? काहीच नाही, निदान त्या महिन्यात तरी. माझ्या मते सगळं घोडं इथे पेंड खातं. एअरलाइन पायलटशी चांगली वागते का वाईट, हे तिच्या पोस्टरवर काय लिहिलंय यावरून ठरत नाही, खरं सांगितल्यावर पायलटच्या खिशातून किती जातात यावरून ठरतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या पायलटांची एक पाहणी २०२२ मध्ये छापून आली, ३,७६५ पायलट होते त्यात, त्यातल्या ५६ टक्के लोकांनी मेडिकल जाईल या भीतीने कधी ना कधी डॉक्टर टाळणं किंवा माहिती लपवणं असलं काहीतरी केल्याचं सांगितलं. निम्म्याहून जास्त! त्याआधी २०१६ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी निनावी प्रश्नावली पाठवली होती, त्यात साडेबारा टक्क्यांच्या आसपास पायलट डिप्रेशनच्या निकषात बसत होते. आता यावरून कोणी 'बापरे, आठातला एक पायलट' म्हणून घाबरून फ्लाइट कॅन्सल करू नये. डिप्रेशन असलेला माणूस म्हणजे धोकादायक माणूस नव्हे, तो आपल्या आजूबाजूला ऑफिसात, रिक्षात, शाळेत रोज काम करतच असतो. धोका असतो तो उपचार न घेता गप्प बसण्यात.

ते गप्प बसणं प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघायचं तर १२ फेब्रुवारी २००९ ची रात्र. अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअरचं छोटं विमान पडलं, ५० माणसं गेली. फर्स्ट ऑफिसर चोवीस वर्षांची मुलगी. ती आईवडिलांकडे राहायची सिएटलजवळ आणि तिचा बेस होता न्यूअर्क, म्हणजे देशाच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला नोकरी. आदल्या रात्री मालवाहू विमानांत बसून, मध्ये मेम्फिसला विमान बदलून ती ड्युटीला पोचली होती. सर्दी झालेली. कॉकपिट रेकॉर्डरवर तिचं बोलणं आहे, त्याचा मथितार्थ असा की घरी असताना असं वाटलं असतं तर आलेच नसते, पण आता इथे येऊन सिक कॉल, म्हणजे आजारी असल्याचा फोन, दिला तर बरं वाटेपर्यंत स्वतःच्या पैशाने हॉटेलात राहावं लागेल. तिचा पगार होता वर्षाला पंचवीस हजार डॉलरपेक्षाही कमी. अपघाताचं कारण तपासात वेगळं निघालं, स्टॉलच्या वेळी, म्हणजे पंखांना हवेचा आधार सुटायला लागल्यावर, कॅप्टनने उलटी हालचाल केली, दमणुकीचा किती वाटा होता हे तपास यंत्रणेला ठरवता आलं नाही. ते मान्य. पण हॉटेलचं भाडं परवडत नाही म्हणून माणूस आजारी अंगाने कॉकपिटमध्ये बसतो हे तर रेकॉर्डवर आलं, आणि त्यानंतर अमेरिकेत विश्रांतीचे आणि अनुभवाचे नियम बदलले.

त्याच महिन्यात, आणि हा योगायोग मला फार बोलका वाटतो, हडसन नदीत विमान उतरवून १५५ जणांना वाचवणारा कॅप्टन सलनबर्गर अमेरिकन संसदेसमोर बसला होता. सगळं जग त्याला डोक्यावर घेऊन नाचत होतं आणि त्याने तिथे सांगितलं काय, तर माझा पगार ४० टक्के कापला गेलाय आणि माझं पेन्शन गेल्यातच जमा आहे. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकन एअरलाइन्स एकामागोमाग एक दिवाळखोरीत गेल्या आणि पायलटांचे करार नव्याने लिहिले गेले, त्याचा हा परिणाम. हिरोची ही गत, तर बाकीच्यांचं काय.

आता काठमांडू. १२ मार्च २०१८, यूएस-बांगला एअरलाइन्सचं ढाक्याहून आलेलं विमान, ७१ जण होते त्यातले ५१ गेले. नेपाळच्या चौकशी अहवालात जे आलंय ते वाचताना पोटात कालवतं. कॅप्टन वाटेत सिगारेट ओढत होता, बोलत होता आणि बोलता बोलता रडला. एका सहकारी महिलेने त्याच्या इन्स्ट्रक्टर म्हणून असलेल्या नावावर शंका घेतली होती, ते त्याच्या मनाला लागलं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी हवाई दलातून तो डिप्रेशनच्या कारणाने बाहेर पडला होता, नंतरच्या तपासण्यांत फिट ठरला होता. शेवटच्या मिनिटांत दिशेचं भानच राहिलं नाही. आणि शेजारी त्याच्याहून बरीच ज्युनियर फर्स्ट ऑफिसर. आता आपल्या ऑफिसात साहेब रडायला लागले तर आपण काय करतो? खाली बघतो, कागद चाळतो. तिने तरी वेगळं काय करायला हवं होतं, आणि तसं करायला तिला कोणी शिकवलं होतं का?

जर्मनविंग्सचं नाव सगळ्यांना माहीत आहे, २४ मार्च २०१५, फ्रान्सच्या आल्प्समध्ये १५० माणसं, सहवैमानिकाने जाणूनबुजून. त्याबद्दल फार लिहिणार नाही, फक्त दोन गोष्टी, ज्या टीव्हीवर कमी आल्या. एक म्हणजे डॉक्टरांनी त्याला आजारी ठरवून सुट्टीची चिठ्ठी दिलेली होती, त्या दिवसाचीसुद्धा, ती फाडलेली घरात सापडली. म्हणजे डॉक्टरला माहीत होतं, कंपनीला नव्हतं, आणि मध्ये गुप्ततेचा कायदा. दुसरं म्हणजे फ्रेंच तपास अहवालात पैशाचाही उल्लेख आहे, ट्रेनिंगचं कर्ज होतं आणि मेडिकल गेलं तर उत्पन्नाची भरपाई करणारा पुरेसा विमा नव्हता. हे सांगून त्याने जे केलं त्याला मी माफी देत नाहीये. पण तपास करणाऱ्यांनाही वाटलं की लायसन्स गेल्यावर माणसाचं काय होतं याची सोय आधी करा, तर पुढचे लोक वेळेत बोलतील.

त्यानंतर युरोपने २०१८ मध्ये नियम केले आणि २०२१ पासून ते लागू झाले, त्यात एक गोष्ट सक्तीची आहे, पीअर सपोर्ट. सोप्या भाषेत सांगायचं तर ट्रेनिंग घेतलेला दुसरा पायलट, तुमच्यासारखाच, ज्याला फोन करता येतो. घटस्फोट चाललाय, मूल आजारी आहे, दारू वाढलीये, काहीही. तो मॅनेजर नसतो, त्याच्या फाइलमध्ये तुमचं नाव जात नाही, जीवाला किंवा उड्डाणाला खराच धोका दिसला तरच गोष्ट पुढे जाते. आणि यात गंमत अशी आहे की बहुतेक लोकांना औषध लागतच नाही, लागतं ते चार दिवस रोस्टरमधून, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकातून, बाहेर पडणं, बेस बदलून मिळणं, आणि कोणीतरी 'अरे माझंही असंच झालं होतं' म्हणणं. अमेरिकेत दारूच्या बाबतीत असा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून चालू आहे, उपचार घ्या, देखरेखीखाली राहा, परत उडा. डिप्रेशनच्या गोळ्यांना मात्र तिथेही २०१० उजाडावं लागलं, तेव्हा कुठे चार ठरावीक औषधं घेऊन, ठरावीक काळ स्थिर राहिल्यावर उडायला परवानगी मिळायला लागली. त्याआधी गोळी घेतली की ग्राउंड. साहजिकच लोक एकतर गोळी घेत नव्हते किंवा घेतल्याचं सांगत नव्हते.

आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२३ मध्ये परिपत्रक काढलं, पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलरच्या मानसिक आरोग्याची तपासणी कशी करायची, लक्षणं लवकर कशी ओळखायची, आणि एअरलाइन्सनी पीअर सपोर्टची व्यवस्था करायची. कागदावर चांगलं आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या सात-आठ जणांना मी सहज विचारलं तर दोघांनाच त्याचा नंबर माहीत होता, आणि बाकीच्यांची प्रतिक्रिया एकच, "ताई, कंपनीने दिलेला नंबर कंपनीचाच ना." हा सात-आठ जणांचा अनुभव आहे, त्यावरून देशाचा निष्कर्ष काढू नका, पण अविश्वास कुठून येतो ते मला कळतं.

कारण कंपनीवर वाईट दिवस आले की काय होतं ते या लोकांनी बघितलंय. २०२० च्या जुलैमध्ये, कोविडमध्ये, तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाने बिनपगारी रजेची योजना आणली, सहा महिने किंवा दोन वर्षं, आणि पाच वर्षांपर्यंत वाढवता येणारी. आपणहून घेतली तर ठीक, पण कोणाला सक्तीने पाठवायचं हे ठरवण्याचे जे निकष होते त्यात कार्यक्षमता वगैरेंबरोबर तब्येत होती, आणि पूर्वी आजारपणामुळे किती वेळा कामावर येता आलं नाही हेही होतं. पुन्हा वाचा ते वाक्य. ज्याने आजारी असताना प्रामाणिकपणे सिक कॉल दिला त्याच्याविरुद्ध तोच सिक कॉल वाईट दिवसांत पुरावा. मग पुढच्या वेळी तापातसुद्धा तो माणूस उठून युनिफॉर्म इस्त्री करणार नाही तर काय.

आणि कंपनीच बुडाली तर मग दुष्काळात तेरावा महिना. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली, त्याआधी कित्येक महिने पगार नव्हते. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. यातल्या एका कंपनीतला एकजण माझा क्लायंट होता, पगार मिळाला नाही ते सोडाच, वर त्याला इन्कम टॅक्सची नोटीस आली. कारण कंपनीने पगारातून टीडीएस कापला होता पण सरकारजमा केला नव्हता. २६एएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या तुमच्या टॅक्सच्या नोंदीत, एंट्री नाही म्हणजे सिस्टिमच्या दृष्टीने तुम्ही टॅक्स भरलाच नाही. जुन्या १९६१ च्या कायद्यात कलम २०५ आहे, कापलेला टॅक्स कर्मचाऱ्याकडून परत मागता येत नाही म्हणून, पण ते कलम दाखवायलासुद्धा पे-स्लिपा जपून ठेवलेल्या असाव्या लागतात, आणि बंद पडलेल्या कंपनीचं पोर्टलही बंद. त्यामुळे माझं सगळ्या पायलटांना एकच पालुपद असतं, दर महिन्याला स्लिप डाउनलोड करा, स्वतःच्या मेलवर ठेवा. दिवाळखोरीच्या कायद्यात थकलेल्या पगाराला जागा आहे, कामगार असाल तर २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी बँकांच्या बरोबरीने, बाकी कर्मचारी असाल तर १२ महिन्यांची आणि त्याही खाली. जेटचं प्रकरण शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनला, म्हणजे मालमत्ता विकून देणी फेडायला, पाठवलं, म्हणजे साडेपाच वर्षांनी. तोपर्यंत मुलांच्या शाळेची फी कोणी भरायची?

बरं, सोडून जाऊ म्हटलं तर तेही सोपं नाही. २०१७ पासून कॅप्टनला वर्षभराचा आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांचा नोटीस पिरियड आहे. आपल्याला तीन महिन्यांचा असला तरी आपण रडतो.

एअरलाइनची बाजू अजिबातच नाही असं मी म्हणणार नाही. सिक कॉल हे आपल्याकडे हत्यार म्हणूनही वापरलं गेलंय. सप्टेंबर २००९ मध्ये जेटचे शेकडो पायलट एकाच वेळी 'आजारी' पडले, कारण युनियन काढणाऱ्या दोन साथीदारांना कंपनीने काढलं होतं. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचा केबिन क्रू असाच एकगठ्ठा आजारी पडला, २५ जणांना काढलं आणि मग लगेचच परत घेतलं. त्यामुळे ऑपरेशन्समध्ये बसलेल्या माणसाला पहाटे चार वाजता फोन आला की त्याच्या मनात पहिला विचार 'खरंच का?' असा येतो. त्याच्याकडेही माणसं मोजकी, एक पायलट गळाला की स्टँडबायवरचा उचलायचा, तो संपला की फ्लाइट उशिरा आणि लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, आपण काउंटरवर ओरडायला मोकळे. संपाचा रस्ता बंद केला की लोक आजारपणाचा रस्ता धरतात, आणि मग खरा आजारी माणूस त्या गर्दीत खोटा ठरतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

मागच्या वर्षी हे सगळं एकदम वर आलं. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, २६० माणसं गेली. चार दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ पायलटांनी सिक लीव्ह टाकली, ५१ कमांडर (म्हणजे कॅप्टन) आणि ६१ फर्स्ट ऑफिसर. हा आकडा संसदेत दिला तो आपल्याच पुण्याच्या खासदारांनी, मुरलीधर मोहोळांनी, ते हवाई वाहतूक राज्यमंत्री आहेत. उत्तरात वर उल्लेख केलेलं २०२३ चं परिपत्रकही होतं. मला विचाराल तर ११२ या आकड्याने घाबरण्यासारखं काही नाही. ज्यांच्यातलेच दोघं परवा गेले, ज्यांच्याशी लेओव्हरला चहा प्यायलो ते गेले, त्यानंतर चार दिवसांनी ११२ जणांनी 'आज नको' म्हणणं हे यंत्रणा चालू असल्याचं लक्षण आहे. पण त्याच वेळी चॅनेलवाले पायलटांची घरं, रजा, घरातली आजारपणं उकरत बसले होते, चौकशी पूर्ण व्हायच्या आधी. ते बघणाऱ्या बाकीच्या हजारो पायलटांनी काय धडा घेतला असेल? की आपण कधी रजा घेतली, कधी डॉक्टरकडे गेलो, याचा उद्या टीव्हीवर ग्राफिक होऊ शकतो. माझ्या क्लायंटने कॅशमध्ये पैसे भरायला सुरुवात केली ती त्याच सुमाराला.

आणि मग डिसेंबर. विश्रांतीचे नवे नियम आले होते, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८, रात्रीची लँडिंग कमी. त्यात एक छोटंसं कलम होतं जे मला फार महत्त्वाचं वाटतं, की घेतलेली रजा साप्ताहिक विश्रांतीत मोजायची नाही. म्हणजे वडिलांना दाखवायला दोन दिवस रजा घेतली तर कंपनीने 'झाली की तुझी विश्रांती' म्हणायचं नाही. इंडिगोकडे नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट रोस्टरवर नव्हते, ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराच्या वर फ्लाइट रद्द झाल्या, पुण्यात लोक बॅगांवर डोकं ठेवून झोपलेले फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर फिरले. आणि त्याच दिवशी डीजीसीएने ते रजेचं कलम मागे घेतलं. आपण सगळे सुटकेचा निःश्वास सोडत होतो, मीसुद्धा, माझी बहीण दिल्लीला अडकली होती. हा मुलगा मात्र मला म्हणाला, "ताई, हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून काढलेली रात्र विश्रांतीत मोजली जाणार आता." यावर मला काही बोलता आलं नाही.

तर मग करायचं काय. मी डॉक्टर नाही, मी हिशोबाचं सांगू शकते. त्याला म्हटलं तुझी लॉस ऑफ लायसन्सची पॉलिसी आण. हा वेगळा विमा असतो, मेडिकल कायमचं किंवा बराच काळ गेलं तर पैसे देणारा, काही कंपन्या स्वतः काढून देतात, काही ठिकाणी स्वतः काढावा लागतो. त्याने मेलवरून पीडीएफ काढून दाखवली, चाळीस पानं. एक्स्क्लुजनचं पान काढलं, खालून तिसऱ्या ओळीत मानसिक आजार वगळलेले. त्याने ते तीनदा वाचलं. पॉलिसी घेऊन चार वर्षं झाली होती, ती ओळ त्याने पहिल्यांदाच बघितली. पायलट घरात असेल तर आज संध्याकाळी हे पान उघडून बघा, आणि किती महिन्यांनी पैसे सुरू होतात तेही बघा, मधले ते महिने स्वतःच्या एफडीवर काढायचे असतात. टेम्पररी अनफिटच्या काळात कंपनी फिक्स्ड पगार देते का आणि किती दिवस, हे एचआरच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं, गरज पडायच्या आधी विचारलं तर कोणी संशय घेत नाही. आणि नुसतं कोणाशी तरी बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

पीअर सपोर्टचा नंबर आहे का म्हणून विचारलं तर त्याने फोन पुढे केला. कॉन्टॅक्ट लिस्टमध्ये नंबर होता, 'गॅस एजन्सी खराडी' या नावाने सेव्ह केलेला. मी हसले, तोही हसला. मग विचारलं, केलास का कधी?

"करणार आहे ताई," तो पाकीट बॅगेत ठेवत म्हणाला, "आधी ऑगस्टचं रोस्टर येऊ दे."